नवमीचं गंध

१

विजयादशमीच्या सकाळी म्हैसुरात शहाणा माणूस कामासाठी घराबाहेर पडत नाही. दुपारी जंबू सवारी, म्हणजे अंबारीच्या हत्तीची मिरवणूक, निघायची असते, म्हणून पोलीस उजाडल्यापासून रस्ते अडवून बसतात. नंजनगूडकडच्या बसगाड्या माणसं ओतत राहतात, आणि रिक्षावाल्यांना त्या दिवशी कुठलाच पत्ता ठाऊक नसतो. इंदिराबाईंनी विजयनगरातल्या आपल्या घरी देवीपुढची समई सारखी केली, पुरणाची डाळ उपसून ठेवली आणि आजचा दिवस तरी आपल्याला कुणी छळणार नाही असं मनाशी धरलं. तेवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, मुलाखतींच्या रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड चोरीला गेलं,” पलीकडून अंबाजीराव म्हणाला. “चोर कोण तेही ठाऊक आहे. तुमची फक्त एक सही हवीय.”

“आज?”

“आजच. उद्या बेंगळुरूला अहवाल मांडायचाय ना! तुम्ही तयार व्हा, गाडी पाठवतो.”

गाडी आली नाही. ड्रायव्हर सवारीला जागा धरायला गेला होता. इंदिराबाई रिक्षा शोधायला निघाल्या. रिक्षावाला आधी म्हणाला हूटगळ्ळीचा रस्ता बंद आहे, मग म्हणाला जास्त भाडं दिलं तर उघडा आहे. त्याला सांगण्याजोगं बाईंच्या जिभेवर पुष्कळ आलं होतं. त्या नुसत्या “चला बाबा” म्हणाल्या आणि आत बसल्या.

कारण होता नेम. नवरात्रात त्यांचे नेम तसे दरवर्षीचेच: एकभुक्त, सप्तशतीचा पाठ, देवीला रोज हाताने गुंफलेली माळ. पण या वर्षी त्यांनी सगळ्यात अवघड नेम धरला होता. दशमीला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटेपर्यंत कुणाला कठोर शब्द बोलायचा नाही, आवाज चढवायचा नाही. मनात काय येतं ते मात्र नेमात धरलेलं नव्हतं. जन्मभर फौजदारी कायदा शिकवलेल्या बाईने एवढी पळवाट ठेवली तर देवी समजून घेईल, असा त्यांचा विश्वास होता.

लोकसुरक्षा अध्ययन केंद्र हे गुन्हे, कायदा आणि नागरिकांची सुरक्षा यांवर संशोधन करणारं हूटगळ्ळीतलं लहानसं केंद्र. अंबाजीराव तिथला संचालक. इंदिराबाई त्याच्या गुरू, आणि निवृत्तीनंतर केंद्राच्या नीतिसमितीच्या अध्यक्ष. दारातच त्याने त्यांच्या हातात कागद ठेवला. संशोधन साहाय्यकाने बनावट मुलाखती तयार केल्या, पुरावा मागताच तो नाहीसा केला, सबब त्याला काढून टाकावं आणि त्याची पीएच.डी.ची नोंदणी रद्द करावी अशी शिफारस.

खाली नाव भुवनचं होतं. नीतिसमितीचे नियम खरोखर वाचून येणारा केंद्रात तो एकटाच मुलगा होता.

२

“आधी सगळं सांग,” बाई म्हणाल्या. “मग सहीचं बघू.”

“मॅडम, एवढं उघड आहे की...”

“उघड असेल तर सांगायला सोपंच जाईल.”

अंबाजीरावाने सुस्कारा टाकला. हूटगळ्ळीच्या पलीकडच्या मल्लिगे लेआउट या नव्या वसाहतीत त्याने एक योजना राबवली होती. गल्लोगल्ली कॅमेरे, रहिवाशांची गस्त, पोलीस चौकीशी थेट संपर्क. वर्षाच्या आत चोरीच्या तक्रारी निम्म्याहून खाली आल्या. चैत्रा या संशोधिकेने चौकीतले आकडे मांडून तसा निष्कर्षही काढला. अहवालात आकड्यांबरोबर माणसांचा आवाज असावा म्हणून भुवनला मुलाखती घ्यायला पाठवलं, आणि तो भलतंच घेऊन आला. चोऱ्या कमी झाल्याच नाहीत, लोकांनी चौकीत जाणं सोडलंय. गेलं तर सांगतात, ही आदर्श वसाहत आहे, इथलं नाव कशाला खराब करता.

“आणि हे खरं असेल तर?”

“खरं नाही ते. अष्टमीच्या संध्याकाळी त्याने रेकॉर्डर माझ्याकडे दिला. मी घरी नेऊन सगळं ऐकलं. ओळखीच्या लोकांना बसवून वदवून घेतलंय, दुसरं काही नाही. मी म्हटलं, अहवालाआधी त्या लोकांना समोर आण. काल नवमीला सकाळी आयुधपूजेला रेकॉर्डर मांडला. आज उचलून चालू केला तर पडद्यावर येतं, कार्ड नाही. मधल्या वेळात दालनात परत आला तो एकटा भुवन. वॉचमनने पाहिलंय.”

“दुसरी प्रत?”

“कशी असेल?” अंबाजीराव गोड हसला. “नियम तुमचाच आहे, मॅडम. नावं काढून टाकेपर्यंत एकच प्रत.”

बाईंना तो नियम आठवला. समितीच्या बैठकीत त्यांनी तो हट्टाने मंजूर करून घेतला होता. जी माणसं विश्वासाने बोलली त्यांचा आवाज गावभर फिरू नये म्हणून. आता त्याच नियमाने त्या पोराचा गळा आवळला जात होता.

“पूजेला मांडताना कार्ड आत होतं, हे नक्की?”

“मी तुमचा विद्यार्थी, मॅडम. झाकण उघडून बघितलं आणि मगच दिलं.”

“हे तुझं पक्कं विधान?”

“पक्कं. हवं तर लिहून देतो.”

“नको. मला ऐकू आलं.” बाई उठल्या. “कुणी घरी जायचं नाही. मी एकेकाशी बोलते.”

“मॅडम, बारानंतर रस्ते बंद होतात!”

“मग लवकर खरं बोलू या सगळे,” बाई अगदी हळू म्हणाल्या. मनात त्या जे म्हणाल्या ते देवीनेच ऐकलं.

३

पूजा मोठ्या दालनात मांडलेली होती. लांब टेबलावर लाल कापड, त्यावर केंद्राची सगळी आयुधं: लॅपटॉप, कॅमेरा, पंचिंग मशीन, ठसे शिकवायचं भिंग, गाडीच्या किल्ल्या, आणि मधोमध तो काळा, काडेपेटीहून थोडा मोठा रेकॉर्डर. झेंडूच्या पाकळ्या सुकायला लागल्या होत्या. दारात कुंकू भरून फोडलेल्या कोहळ्याच्या फोडी तशाच पडल्या होत्या, आणि त्यात पाय पडून बाईंच्या पातळाला डाग लागला. तोही त्यांनी गिळला.

कार्यालय सांभाळणारे जयतीर्थ प्रसादाचा डबा घेऊन पुढे आले. त्यांचं आजोळ मराठी, पण दर वाक्याला ते कन्नडात घसरायचे.

“अम्मा, या, आधी हरभऱ्याचं सुंडल घ्या. स्वल्प, थोडंच.”

“पारणं व्हायचंय माझं, जयतीर्थ. काल काय झालं ते सांगा.”

जयतीर्थांनी काल काय झालं ते सांगितलं. फुलांचा भाव कसा चढला, कोहळा बाजारात कसा मिळेना, भटजी कसे आयत्या वेळी आले नाहीत, मग आपण स्वतःच कशी पूजा केली. बाईंनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“आणि माझी पूजा म्हणजे नुसता टिळा नव्हे अम्मा. आमच्या तंदेंची, वडिलांची, पद्धत. वस्तू जिथं उघडते, तिथं गंध. त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. कपाट असेल तर दाराच्या फटीवर. आयुध निजलंय, दशमीपर्यंत तोंड उघडायचं नाही! आणि यंदा तर काय सांगू, साहेब स्वतः आले!”

“म्हणजे?”

“इतकी वर्षं पूजेला साहेब खोलीचं दार लावून बसायचे. अंधश्रद्धा म्हणायचे. काल स्वतः रेकॉर्डर घेऊन आले, म्हणाले, याचीही करा, उद्यापर्यंत कुणी हात लावायला नको. मला भरून आलं. माझ्या हातात दिला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. आरतीला नव्हते, पण आले तर खरे!”

“मग तुम्ही रेकॉर्डर कुठे ठेवलात?”

“इथंच, लगेच. एका हातात तबक, बोटं गंधाने भरलेली, भोवती सगळे उभे.”

“तुमचा जावई मल्लिगे लेआउटच्या चौकीत आहे, नाही का?”

जयतीर्थांच्या हातातला डबा खाली आला. “आहे. म्हणून मी चोर? अय्यो, अम्मा, जावयाचं पाप झाकायला देवापुढची वस्तू उचलू मी? त्याने पाप केलं असेल तर मुलीलाच परत आणीन की घरी!”

बाईंनी डबा त्यांच्या हातातून घेऊन खुर्चीवर ठेवला.

चैत्रा खिडकीशी उभी राहून फोनवर मावशीला सांगत होती की मी निघालेच. बाईंना पाहून तिने फोन ठेवला.

“मॅम, माझे फिगर्स करेक्ट आहेत. तक्रारी कमी झाल्या, दॅट्स अ फॅक्ट.”

“तक्रारी की चोऱ्या?”

चैत्राने खिडकीची कडी लावली, पुन्हा काढली.

“तू ते रेकॉर्डिंग ऐकलंस?”

“थोडं. अष्टमीला भुवनने एक क्लिप लावली. तुंगा म्हणून बाई आहे, नंजनगूडच्या फॅक्टरीत जाते. तिच्या घरी दोनदा चोरी झाली, दोन्ही वेळा चौकीतून परत पाठवलं.” ती फोनशी चाळा करत राहिली. “ती ॲक्टिंग नव्हती, मॅम. रडत पण नव्हती ती. नुसती कंटाळली होती.”

“मग अंबाजी बनावट म्हणतो तेव्हा तू गप्प का?”

“माझा पेपर जाईल ना! त्याच आकड्यांवर आहे सगळं.” मग एकदम घाईने म्हणाली, “पण कार्ड मी नाही घेतलं. पूजेनंतर मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि डायरेक्ट घरी. बघा.”

फोटो स्वच्छ होता. तिने बोटांनी तो मोठा केला. टेबलावरची एकेक वस्तू दिसत होती. बाईंनी फोटो पाहिला, मग टेबल, मग पुन्हा फोटो. टेबलाच्या कडेला, फोटोत एक मोठी शिंप्याची कात्री होती.

आता तिथे नुसती जागा होती, पाकळ्यांच्या मधोमध, कात्रीच्या आकाराची.

४

भुवन मागच्या जिन्यावर बसला होता. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाचं आणि शिवणकामाचं. वडील अजून दुकानात मशीनवर बसायचे. पोराचे डोळे सुजलेले होते.

“काल परत का आलास रे?” बाईंनी विचारलं.

“हेल्मेट राहिलं होतं.”

“भुवन.”

“खरंच, मॅडम.”

“मी पुष्कळ खोटी माणसं पाहिली. तुझ्याइतकं वाईट खोटं बोलणारा बघितला नाही. शिकूही नकोस.”

भुवनने मान खाली घातली. तो पायरीवरची माती नखाने खरवडू लागला. वरून अंबाजीरावाचा आवाज येत होता, उशीर होतोय, मॅडमना सांगा कुणी तरी.

“मी उचललं, मॅडम,” भुवन अखेर म्हणाला. “पूजेत मांडलेलं मी उचललं. दशमीच्या आधी.”

५

“काय उचललंस?”

“अप्पांची कात्री.”

बाईंनी डोळे मिटले. देवी, आणखी थोडंच, संध्याकाळपर्यंत.

“माळांचे दोरे कापायला घरून आणली होती,” भुवन सांगू लागला. “जयतीर्थ सर दिसेल त्याची पूजा करत होते, तीही टेबलावर गेली. घरी गेलो तर अप्पा तांडव करायला लागले. दुकानातली मशीन मांडली, कात्री कुठाय? आजोबांची कात्री आहे ती, तिच्याशिवाय पूजा कशी? मग आलो आणि गुपचूप नेली. तुम्हीच सांगा, मांडलेलं आयुध उचलतो का कुणी? अप्पांनाही सांगितलं नाही. म्हटलं, अपशकुन माझ्याच माथी येऊ दे. आणि आलाच की.”

“आणि हे तू सकाळी सांगितलं नाहीस, कारण तुला चोर म्हटलेलं चालेल, पण पूजा मोडली म्हटलेलं चालणार नाही?”

“सर ऐकूनच घेत नव्हते. आणि... हो.”

बाईंना हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना. धपाटा नेमात बसत नव्हता.

“रेकॉर्डरला हात लावलास?”

“देवाशप्पथ नाही. तुंगाअक्कांना मी शब्द दिलाय. ते कार्ड भलत्याच्या हातात गेलं असेल तर त्यांना कोणत्या तोंडाने भेटू? मला काढलं तर काढू दे, मॅडम. पण त्या बोलल्या ते खोटं होतं असं नका लिहू.”

त्या वाक्यानंतर बाई उठल्या. दालनात येऊन त्यांनी टेबलावरचा रेकॉर्डर नुसता डोळ्यांजवळ नेला, पुढचं बटण न दाबता. त्याला उलटा केला, आडवा केला. मग चैत्राला हाक मारून फोटो मागितला, आणि चष्मा पुसून दोन्हीकडे इतका वेळ पाहत राहिल्या की जयतीर्थ घाबरून जप करायला लागले.

“सगळ्यांना बोलवा,” बाई म्हणाल्या. “अंबाजीला आधी.”

६

“झालं का, मॅडम?” अंबाजीरावाने पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं.

“झालं. सगळे जवळ या. चैत्रा, तू फोटो मोठा कर आणि सांग, रेकॉर्डरच्या या कडेला काय आहे?”

“कार्डच्या झाकणावर चंदन. म्हणजे गंध. त्यावर कुंकू. आणि एक तांदळाचा दाणा, तिरका. फटीवर आडवा पडलाय.”

“आता हा बघ.”

चैत्रा वाकली. “सेम. तोच दाणा. तसाच तिरका.”

“गंध वाळून पापड झालंय. कुठे तडा आहे?”

“नाही.”

बाईंनी नखाने झाकण उचललं. वाळलेलं गंध कट्‌ करून मोडलं, दाणा उडाला, कुंकवाची पूड त्यांच्या बोटांवर सांडली. आतली खाच रिकामी होती, आणि स्वच्छ.

“जयतीर्थांना ठाऊक नव्हतं, पण काल त्यांनी या वस्तूला सील ठोकलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं. “पंचनाम्यात लाखेचं लावतात तसंच. काल पूजा झाल्यापासून आत्तापर्यंत हे झाकण कुणीही उघडलेलं नाही. भुवन परत आला, तो कात्री न्यायला. ती या फोटोत आहे आणि टेबलावर नाही. तो काय, दुसरा कुणी काय, रेकॉर्डरमधून कार्ड काल पूजेनंतर गेलंच नाही. ते आधीच गेलं होतं.”

“मग जयतीर्थांनी काढलं असेल,” अंबाजीराव म्हणाला. “मांडताना.”

“गंधाने भरलेल्या बोटांनी? खाचेत डाग नाही. आणि चारचौघांच्या डोळ्यांदेखत?”

“मग भुवनने आधीच...”

“अष्टमीला चैत्राने ऐकलं. नंतर तू घरी नेलास. तू सगळं ऐकलंस. काल सकाळी झाकण उघडून, कार्ड बघून मगच दिलंस. तुझं पक्कं विधान. लिहूनसुद्धा देणार होतास.” बाईंनी रिकामी खाच त्याच्यापुढे धरली. “अंबाजी, तुझं विधान खरं असतं तर कार्ड अजून आत असायला हवं होतं.”

खालच्या रस्त्यावर बँड वाजत गेला.

“इतकी वर्षं दार लावून बसलास. यंदा कार्ड काढून घेतलंस, आणि रिकामी वस्तू पूजेला दिलीस. दशमीपर्यंत कुणी हात लावणार नाही, मधल्या वेळात चोरी झाली असं म्हणता येईल. आपल्या लोकांच्या श्रद्धेचा उपयोग तुला नेमका कळला. पण तू पूजेला थांबला नाहीस. थांबला असतास तर जयतीर्थ गंध कुठे लावतात ते दिसलं असतं. आज सकाळीही पुढचं बटण दाबून, पडदा दाखवून मोकळा झालास.”

“अय्यो,” जयतीर्थ खुर्चीत बसले. “मला भरून आलं होतं, साहेब.”

अंबाजीराव पांढरा पडला होता. “मॅडम, इतकी वर्षं घासून उभं केलंय मी हे. उद्या सगळ्या राज्यासमोर मांडायचं होतं. एका बाईच्या रडगाण्यासाठी...”

“ती रडली नव्हती,” चैत्रा एकदम बोलली. “सर, तक्रारी कमी झाल्या, चोऱ्या नाही. मला ठाऊक होतं. मी लिहायला हवं होतं.”

“कार्ड कुठाय, अंबाजी?” बाईंनी विचारलं. “तू टाकलं नसशील. कुठलाही पुरावा फेकायचा नाही, एवढं तरी माझ्याकडून शिकलास.”

अंबाजीरावाने दाराकडे पाहिलं. मग त्याने खिशातून चष्म्याचं घर काढलं. पुसायच्या फडक्याच्या घडीत ते नखाएवढं कार्ड होतं.

भुवनने ते खाचेत सरकवलं आणि बटण दाबलं. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग एका बाईचा थकलेला आवाज.

“नाव कुठं येणार नाही ना रे, तम्मा?”

“नाही अक्का. शब्द देतो.”

भुवनने लगेच बंद केलं. “एवढं पुरे, मॅडम. पुढचं सगळ्यांसमोर नको.”

बाईंनी तो शिफारशीचा कागद पालथा केला, पेन उचललं आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं की मुलाखती खऱ्या आहेत, नीतिसमितीने खात्री केली आहे, आणि त्यांच्याशिवाय हा अहवाल कुठेही मांडता येणार नाही. खाली सही केली. अंबाजीला हवी होती ती.

“उद्या बेंगळुरूला भुवन बोलेल. चैत्रा आकडे सांगेल, तक्रारींचे म्हणून. तू शेजारी बसशील.”

“मॅडम, तुम्ही मला काहीच बोलत नाही,” अंबाजीराव म्हणाला. “शिव्या तरी द्या.”

“संध्याकाळी घरी ये,” इंदिराबाई म्हणाल्या.

सवारी संपली, देवीची आरती झाली, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवून झाला. शेजारच्या घरात टीव्हीवर सोन्याच्या अंबारीचं वर्णन तिसऱ्यांदा चाललं होतं, खणखणीत आवाजात. अंबाजीराव फाटकातून आत आला तो मान खाली घालून. बाईंनी त्याच्या ओंजळीत बन्नीची पानं ठेवली. तो पायाशी वाकला, त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आयुष्मान हो म्हणाल्या.

नेम फिटला.

“आत ये,” बाई म्हणाल्या, “आणि दार लाव.”

त्याने दार लावलं. थोड्याच वेळात शेजारच्यांनी टीव्ही बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.